हो कुणी म्हणायचं

"ती खुर्ची नको. हिचं वेगळं स्टूल आहे."

सासूबाई असं म्हणाल्या तेव्हा माझा हात वेताच्या खुर्चीच्या पाठीवर होता. हॉलमध्ये त्यांच्या वाचनमंडळाच्या बायका बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, एक डॉक्टरांच्या पत्नी. सगळ्यांना कॉफी देऊन झाली होती. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तूही बैस की आता." आणि त्यांनीच ती खुर्ची माझ्याकडे सरकवली होती.

"ती माझ्या सासऱ्यांची खुर्ची," सासूबाई काकूंना समजावून सांगू लागल्या. "तिनं आयुष्यात एवढा भार बघितलेला नाही. आता म्हातारपणी कशाला तिची परीक्षा घ्यायची?"

कोणी मोठ्यानं हसलं नाही. कसबा पेठेतल्या त्या हॉलमध्ये मोठ्यानं हसत नाहीत. कपात बघून हसतात.

मी स्वयंपाकघरात गेले. लोखंडी स्टूल उचलून आणलं. भिंतीला लावून बसले. पुस्तकावरची चर्चा जिथं थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

मला राग आला नाही. हे आधीच सांगते. रडूही आलं नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि ओठ आपला राहत नाही, तसं मला त्या घरात सगळ्या अंगाला झालं होतं.

मी यवतमाळची. बाबा सूतगिरणीत फिटर होते. आम्ही बौद्ध. इंजिनिअरिंगला पुण्यात आले आणि इथंच राहिले. वाघोलीच्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. नवरा माझ्याच वर्गातला, निखिल. कसब्यातला, जुन्या पुणेरी घरातला. घर आता नव्या बिल्डिंगमध्ये आहे, पण माणसं जुनीच. रजिस्टर लग्न केलं. सासूबाईंनी विरोध केला नाही. हे त्या आजही सगळ्यांना सांगतात. "आम्ही असलं काही मानत नाही." असलं म्हणजे कसलं, ते त्यांनी कधी उच्चारलं नाही.

त्या घरात माझी जात कोणी एकदाही काढली नाही. गरज पडली नाही. माझं वजन होतं.

लग्नात मी बारीक नव्हतेच. मग थायरॉइड निघालं. मग दिवस राहिले आणि गेले. त्यानंतर मी नुसती पडून असायची. शरीर वाढत गेलं. आणि शरीर वाढत गेलं तसे शब्द सुटे झाले.

"तुमच्याकडे जेवण जरा जडच असतं, नाही?"

"तुमच्याकडे तेल मोजून घालायची पद्धत नसावी."

"तुमच्याकडे बायका अशाच असतात का गं अंगानं? नाही, म्हणजे आनुवंशिक असेल तर तुझा दोष नाही."

तुमच्याकडे. हा शब्द त्या घरात मी इतका ऐकला की पुढे नुसता 'तु' आला तरी मान खाली जायची. म्हटलं तर त्यात काही नाही. यवतमाळच्या कुणालाही असं म्हणता येईल. तक्रार कशाची करणार? निखिलला सांगितलं तर तो म्हणायचा, "आई सगळ्यांनाच बोलते गं. मलासुद्धा बोलते. पुणेरी आहे ती." खरं होतं. त्यालाही बोलायच्या. पण त्याला त्या 'तुमच्याकडे' म्हणत नव्हत्या.

बिल्डिंगची लिफ्ट लहान. पाहुणे आले की सासूबाई म्हणायच्या, "आपण पुढं होऊ. ती मागच्या फेरीत येईल निवांत." मी जिन्यानं जायला लागले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागायची. दारात त्या म्हणायच्या, "बरं झालं, व्यायाम झाला."

आणि स्टूल. ते कधी आलं मला आठवत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय माझ्याखाली जरा वाकला होता, त्यानंतर कधीतरी. पुढे जेवताना मी त्याच्यावर. टीव्ही बघताना मी त्याच्यावर. सोफा रिकामा असला तरी मी स्टुलावर. कोणी बस म्हणत नव्हतं. मीच बसत होते.

ऑपरेशनचं माझ्या माघारी ठरलं. कॉलेजातून घरी आले तर टेबलाशी सासूबाई आणि निखिल बसले होते. निखिल माझ्याकडे न बघता म्हणाला, "आम्ही एक विचार केलाय."

पोटाचं ऑपरेशन. त्यानं वजन उतरतं. वाचनमंडळातल्या डॉक्टरांच्या पत्नीनं एक सर्जन सुचवल्या होत्या. अपॉइंटमेंटही घेऊन झाली होती.

"चांगलंच आहे की," सासूबाई म्हणाल्या. "डाएट तुला झेपत नाही, ते आपण पाहिलंच. आता निदान ज्याला झेपतं त्याच्या हातात देऊ."

मी म्हणाले, "ठीक आहे."

आज मला ते 'ठीक आहे' सगळ्यात विचित्र वाटतं. कुणी पोट कापू या म्हणतं, आणि माणूस भाजी कोणती करू याला द्यावं तसं उत्तर देतो.

हॉस्पिटलमध्ये तिघं गेलो. सर्जन बाई पन्नाशीच्या. आवाज बारीक, बोलणं सावकाश. त्यांनी मला विचारलं, "भूक कधी लागते तुम्हाला?"

सासूबाई म्हणाल्या, "ही सारखं काहीतरी तोंडात टाकते."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मलाच परत विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. भूक कधी लागते ते मला कित्येक महिन्यांत कळलं नव्हतं. जेवायला बसायचं म्हणून बसायचे. उठायचं म्हणून उठायचे. दुपारी कॉलेजात स्टाफरूम रिकामी असली की कपाटाकडे तोंड करून बिस्किटं खायचे. चव लागत नव्हती.

"घरात कोणाला डायबेटिस?"

"आईला होता," मी म्हणाले. "त्यातच गेली. पायाला जखम झाली होती, भरलीच नाही. आधी बोट काढलं, मग पाऊल."

"अगोबाई," सासूबाई म्हणाल्या. "हे तू कधी बोलली नाहीस."

कोणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. म्हणाल्या, "तुमची साखर वाढलेली आहे. गोळ्या आजपासून सुरू करू. ऑपरेशन होवो न होवो." मग एका कागदावर जठराचं चित्र काढून सगळं सांगितलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी राहते. काढलेला भाग परत येत नाही. पुढे जन्मभर थोडं थोडं खायचं, चावून खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. तपासण्या जन्मभर. काही महिने केस गळतात. दीड वर्षभर तरी मूल होऊ द्यायचं नाही. आणि एवढं करून सवयी त्याच राहिल्या तर वजन परत चढतं.

"हे दिसण्यासाठी करायचं ऑपरेशन नाही," त्या म्हणाल्या. "काही जणांना यानं खूप फायदा होतो, साखर उतरते. काहींसाठी औषधं, इंजेक्शनं बरी. काहींची अजून तयारी नसते. तुम्हाला हवंय का?"

निखिल म्हणाला, "हो, आमचं ठरलंय."

"तुम्हाला नाही विचारलं मी."

खोलीत एसीचा आवाज येत होता. मी टेबलावरच्या त्या चित्राकडे बघत होते. हो म्हणावं असं वाटलं नाही. नाही म्हणावं असंही वाटलं नाही. आत हात घालून काही शोधावं आणि हाताला काहीच लागू नये, तसं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग आज आपण काही ठरवायला नको," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या वेळी एकट्या या."

रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "हो म्हणायला काय जात होतं तुझं?"

पुढच्या वेळी एकटी गेले नाही. निखिल आला, बाहेर बसला. आत समुपदेशक बाईंनी विचारलं, आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. सगळ्यांना मी हो म्हणाले. मुलं तोंडी परीक्षेला येताना घोकून येतात तशी मी घोकून आले होते. माझा स्वतःचा निर्णय आहे. मला फायदे-तोटे समजले आहेत. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. पण शब्द सगळे बरोबर होते. तारीख मिळाली.

ऑपरेशनआधी काही दिवस पातळ आहार असतो. सूप, ताक, डाळीचं पाणी, प्रोटीनची पावडर. तो सुरू झाला आणि बाबा यवतमाळहून आले. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. म्हणाले, दवाखान्यात तुझ्याजवळ मी राहीन.

दारात त्यांनी सासूबाईंना "जयभीम" केला. सासूबाई म्हणाल्या, "नमस्कार, नमस्कार. या, आपण इथं बसा." आणि त्यांना ती वेताची खुर्ची दिली. बाबा अंगानं काडीसारखे. बसले. मी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि त्यांच्या शेजारी बसले.

बाबा बघत होते.

संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत होतो. खालच्या गल्लीतून स्कूटरवाले वाट काढत होते. बाबा म्हणाले, "तू त्या स्टुलावर काऊन बसते? सोफा तं पुरा खाली हाय."

"ते माझंच आहे, बाबा."

"तुयं म्हंजे?"

"माझ्यासाठी ठेवलंय. मजबूत आहे."

मग बाबांनी मला गिरणीतली गोष्ट सांगितली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती.

गिरणीच्या कॅन्टीनमध्ये दाराजवळ एक बाक होतं. आपले लोक त्या बाकावर बसायचे. तसा काही नियम नव्हता. साहेबानं कधी सांगितलं नव्हतं. पाटी नव्हती. पहिल्या दिवशी एका जुन्या माणसानं बाबांना हाताला धरून तिथं बसवलं, आणि बाबा बसले. पुढे एक नवा पोरगा लागला, आपल्यातलाच. तो सरळ जाऊन मधल्या टेबलावर बसला. दोन-चार जणांनी तोंडं वाकडी केली. पोरगा जेवला आणि उठला. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसला. त्याला कोणी काही केलं नाही.

"मंग तुम्ही?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'मंग' आला. पुण्यात आल्याबरोबर मी 'तुले-मले' टाकून दिलं होतं. तो कुठून आला कोणास ठाऊक.

"मी रिटायर होयेपर्यंत त्याच बाकावर बसलो," बाबा म्हणाले. "सवय झाली होती. मले वाटे, आपल्याले हेच बरं. वारा येते."

ते गल्लीकडे बघत होते.

"तुयी माय म्हने, तुमच्या पोरीले तरी असं बाक नको भेटाले. म्हनून तुले शिकवली." मग म्हणाले, "आपरेशन तुले करायचं हाय का त्यायले?"

तोच प्रश्न. डॉक्टरांनी विचारला होता तोच. पण आता आत हात घातला तर हाताला काहीतरी लागलं. खरखरीत, थंड. राग म्हणता येईल इतकंही नाही. पण होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी बाबांसाठी श्रीखंड आणवलं होतं. माझ्यासमोर डाळीच्या पाण्याचा वाडगा. सासूबाई बाबांना आग्रह करत होत्या. त्यांच्या आग्रहात कधी खोट नसते.

"एकदा हे ऑपरेशन झालं की सुटलो," त्या बाबांना म्हणाल्या. "दीड वर्षानं मुलाचं बघता येईल. तेवढं एक झालं म्हणजे आम्ही मोकळे. फक्त मूल आमच्या वळणावर जावं, एवढीच इच्छा."

बाबांचा हात ताटात थांबला. मग त्यांनी घास उचलला आणि खाल्ला. खाली मान घालून. मी त्यांना तसं जेवताना बघितलं आणि मला ते बाक दिसलं. दाराजवळचं.

"तुमचं वळण म्हणजे काय, आई?" मी विचारलं.

"काय म्हणजे? अंगाचं म्हणतेय मी. सडपातळ."

"अंगाचंच?"

"मग आणखी कशाचं असणार?"

"तेच विचारतेय. बाबा तुमच्यासमोर बसलेत. माझ्या घरात यांच्याहून सडपातळ माणूस नाही. मग मूल यांच्या वळणावर गेलं तर चालेल?"

निखिल म्हणाला, "अगं, विषय कुठं नेतेस?"

"मी नेत नाही. तो लग्नापासून इथंच आहे. मी त्याच्यावर बसून जेवत होते."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याइतकं कोणी केलं नसतं तुझ्यासाठी. आमच्या जागी दुसरं कोणी असतं तर उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं."

झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या सरळ बोलल्या. मला बरं वाटलं. खोटं सांगत नाही. दुखलं नाही, बरं वाटलं. डॉक्टरनं बोट ठेवून 'इथं दुखतं ना' म्हणावं, तसं.

मी आतल्या खोलीत जाऊन हॉस्पिटलला फोन केला. ऑपरेशन रद्द करा म्हणाले. पलीकडच्या मुलीनं कारण विचारलं. "हो मी म्हणाले नव्हते," मी सांगितलं. ती म्हणाली, "पण मॅडम, इथं तर हो आहे." मी म्हणाले, "असू द्या."

मग बॅग भरली. निखिल दारात उभा होता. "तू अशी कशी जाऊ शकतेस?" तो म्हणाला. मी म्हणाले, "जिन्यानं." खरंच तेच सुचलं. बाबांनी बॅग घेतली. आम्ही जिन्यानं उतरलो.

वाघोलीत कॉलेजजवळ एक खोली भाड्यानं घेतली. बाबा तिथंच राहिले. इथं पाणी टँकरचं, रस्ता सगळा उखडलेला, रात्रंदिवस ट्रक. पण पहिल्या आठवड्यात मी एकदा दुपारी झोपून उठले आणि मला भूक लागली. भूक. पोटात. मी बाबांना म्हणाले, "मला भूक लागली." ते म्हणाले, "मंग जेव." त्यांनी भाकरी टाकली. मी जमिनीवर बसून जेवले. पोट भरलं तेव्हा थांबले.

मला वाटलं, विषय संपला. ऑपरेशन नको, त्यांनी ठरवलेलं काहीच नको.

मग एका संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर बूट काढला तर मोज्याला रक्त. बुटात खडा होता. दिवसभर त्याच्यावर उभी राहून मी लेक्चरं घेतली होती. मला कळलंच नव्हतं. मी तळव्याला चिमटा काढला. लांबून कुणीतरी दुसऱ्याला काढल्यासारखा लागला.

बाबा खाली बसले. जखम धुतली. आईचा पाय त्यांनीच धुतला होता.

आता एकटी गेले. डॉक्टरांना म्हणाले, मागच्या वेळी मी खोटं हो म्हणाले होते. त्या म्हणाल्या, "मला शंका आली होती. थांबवायला हवं होतं मी." मग पाय तपासला. साखरेनं नसांवर परिणाम सुरू झाला होता. कसब्यातल्या त्या घरात माझ्या वजनावर किती बोलणं झालं. साखरेचा 'सा' कोणी काढला नव्हता. मीही नाही.

या वेळी प्रश्न मी विचारले. ऑपरेशन नाही केलं तर काय? इंजेक्शनं घेतली तर? ऑपरेशननं पायाची संवेदना परत येईल का? त्या म्हणाल्या, खात्री देणार नाही, पण पुढचं नुकसान थांबवण्याची चांगली संधी आहे. मेले तर? ती शक्यता कमी असते, पण असते, त्या म्हणाल्या. घरात मी आणि बाबा दोघंच, जमेल का? म्हणाल्या, "खायचं-प्यायचं सांभाळणारं, तपासणीला सोबत येणारं कोणी हवं. बाकीच्यांचं बोलणं सांभाळणारं कोणी नको."

घाई केली नाही. गोळ्या घेतल्या, आहार पाळला, समुपदेशक बाईंकडे जात राहिले. कपाटाकडे तोंड करून बिस्किटं का खात होते, ते त्यांना सांगितलं. सांगताना पहिल्यांदा रडले. मग एक दिवस वर्गात शिकवता शिकवता कळलं की मी ठरवलंय. मोठं काही झालं नाही. फळ्याकडे वळले आणि कळलं. मला हे ऑपरेशन हवंय. आईसारखं जायचं नाही म्हणून. तळव्याला खडा लागावा म्हणून. दुसरं कारण नाही.

निखिल रविवारी येतो. बाबांशी गप्पा मारतो, चहा पितो. विचारतो, आपण परत कधी एकत्र राहायचं? मी म्हणते, इथं राहायला ये. तो अजून ठरवतोय. त्याचं त्यानं ठरवावं.

ऑपरेशनचं त्यानंच घरी सांगितलं असणार. काल सासूबाईंचा फोन आला.

"शेवटी करतेच आहेस ना?" त्या म्हणाल्या. "मग एवढा तमाशा कशासाठी केलास?"

"तेव्हा तुम्ही ठरवलं होतं. आता मी ठरवलंय."

"कापणार तेच. डॉक्टर त्याच. फरक काय पडला?"

"मला पडला."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांना तसा करता येतो. "बरं, झालं गेलं. बारीक झालीस की ये घरी. लोकांना तरी काय, दिसतं तेवढंच कळतं. मागचं कोणी काढणार नाही."

म्हणजे अजूनही तेच. मी कमी होऊन यायचं. जेवढी कमी होईन तेवढी आत. आणि मागचं कोणी काढणार नाही, म्हणजे माझे बाबा, माझी आई, माझं यवतमाळ कोणी काढणार नाही. मी ते पोटाबरोबर हॉस्पिटलातच सोडून यायचं.

"मागचं मी काढणार आहे, आई," मी म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी. विचारलं नाही तरी." आणि फोन ठेवला.

उद्या सकाळी ॲडमिट व्हायचंय. बाबा सोबत आहेत. भीती वाटते, आणि भीती वाटते हे मला कळतंय. पोटाचा मोठा भाग जाईल. वजन उतरेल, कदाचित काही वर्षांनी परत चढेलही. जे होईल ते माझ्या अंगावर होईल आणि माझ्या सांगण्यावरून होईल.

त्या घरात मी परत जाणार नाही. बारीक होऊन तर मुळीच नाही.